विहिरी साठ, कारखाना एक: दावा एकत्र लावायचा की वेगळा?

मॅडम, नमस्कार.

आमचं गाव ओढ्याच्या काठी आहे. वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ओढ्याला फेस आला, मग विहिरींना वास सुटला. आज खालच्या अंगाच्या साठेक विहिरींचं पाणी प्यायच्या लायकीचं राहिलेलं नाही. आमच्या दोन म्हशी गेल्या, डाळिंबाची बाग पिवळी पडली, पोरांच्या अंगाला सारखी खाज. मिस्टर बाहेरगावी नोकरीला, शेती मी आणि सासूबाई बघतो. जमीन सासूबाईंच्या नावावर आहे.

गावात बैठक झाली, सगळ्यांनी मिळून दावा लावायचं चाललंय. तालुक्याचे एक वकील म्हणतात, आत्ता एक रुपया देऊ नका, भरपाई मिळाली की ३० टक्के माझे. त्यासाठी कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या मागतायत. तिकडे कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. दोन लाख देतो, “आमची काही तक्रार नाही” एवढं लिहून द्या, म्हणाला. धाकटे दीर त्याच कंपनीत आहेत, ते म्हणतात घेऊन टाका. सासूबाई म्हणतात गावाबरोबर राहायचं. एकत्र दावा केला तर आमचं नुकसान साठ घरांत वाटलं जाईल का? आम्ही वेगळं जावं का? आणि अशा दाव्यांतून खरंच काही हाती लागतं का?

– एक शेतकरी सून

*

ताई, उत्तर लांबणार आहे, म्हणून आज-उद्या करायची दोन कामं आधी सांगते. एक, कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका, वकिलांच्याही नाही आणि कंपनीच्याही नाही. सासूबाईंचा अंगठाही उठू देऊ नका. दोन, त्या विहिरीचं पाणी पोरांना आणि जनावरांना देणं थांबवा, आणि पिण्याच्या पाण्याची सोय करून द्या असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत आणि तहसीलदार कचेरीत द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. उद्या कंपनीचा वकील विचारणारच, “इतका त्रास होता तर तीन वर्षांत एक तक्रार कशी नाही?”

आता तुमचा मुख्य प्रश्न. एकत्र दावा केला म्हणून तुमचं नुकसान साठ घरांत वाटलं जात नाही. ही भीती मी बऱ्याच गावांतून ऐकते आणि कंपन्यांची माणसं ती मुद्दाम पसरवतातही. अशा दाव्यात दोन वेगळे प्रश्न असतात. विहिरींत उतरलेलं पाणी त्या कारखान्याचंच आहे का, हा प्रश्न साठही घरांना सारखा आहे. तो एकदा सिद्ध झाला की सगळ्यांच्या उपयोगी पडतो. कोणाचं किती गेलं, हा हिशेब मात्र ज्याचा त्याचा. तुमच्या म्हशी, तुमची बाग, तुमच्या पोरांचं औषधपाणी यांची बेरीज शेजारच्या आबांच्या उसात मिसळत नाही. पहिल्या प्रश्नासाठी गावाने एकजीव राहावं आणि दुसऱ्यासाठी प्रत्येक घराने आपली वही वेगळी ठेवावी, एवढं माझं म्हणणं आहे. गावं नेमकं उलटं करतात. पुरावे ज्याचे त्याच्या घरी पडून राहतात आणि बैठकीत सगळे मिळून एकच ढोबळ आकडा ठरवतात, “प्रत्येकी दहा लाख.”

तुमची केस जाईल ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या खास कोर्टात. २०१० च्या कायद्याने ते उभं राहिलं, आणि महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्याला आहे. जे प्रश्न या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात ते दिवाणी कोर्टात नेता येत नाहीत, त्यामुळे “तालुक्याच्या कोर्टात टाकू” असं कोणी म्हणत असेल तर त्याला या कायद्याचं कलम २९ वाचायला सांगा. कलम १५ प्रदूषणग्रस्तांच्या भरपाईचं आहे. भरपाई कोणकोणत्या नुकसानीची मागता येते याची यादी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे: मृत्यू, अपंगत्व किंवा आजार, अपंगत्वामुळे बुडालेली मजुरी, औषधोपचाराचा खर्च, खासगी मालमत्तेचं नुकसान, दुभती आणि कामाची जनावरं, पिकं, भाजीपाला, झाडं, फळबागा, धंदा किंवा रोजगार बुडणं. न्यायाधिकरण भरपाई देताना ती या बाबींप्रमाणे विभागून देऊ शकतं.

ही यादी गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. त्यात रोजगार बुडणंही आहे. तुमच्या पत्रात विहिरीवाले साठजण आहेत, पण त्या साठजणांच्या रानात राबणारी, स्वतःची विहीर नसलेली घरं कुठेच नाहीत. बागा गेल्यावर त्यांची मजुरीही गेली असणार. असे गट नेहमी सातबारावाले बांधतात आणि भूमिहीनांना शेवटी, साक्षीला माणसं कमी पडली की बोलावतात. त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे, त्यांना पहिल्या दिवसापासून यादीत घ्या.

अर्ज कोणी करायचा, हेही कायद्यात स्पष्ट आहे. ज्याला इजा झाली तो, ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो मालक, मृताचे वारस, यांपैकी कोणी लेखी अधिकार दिलेला प्रतिनिधी, शिवाय बाधित झालेली कोणीही व्यक्ती किंवा प्रातिनिधिक संस्था. त्यामुळे तुमच्या घरातून एक नाव जाऊन भागणार नाही. जमीन, विहीर आणि बाग यांच्यासाठी सासूबाई अर्जदार. पोरांच्या त्वचेच्या त्रासासाठी पोरं, त्यांच्या वतीने तुम्ही. म्हशी कोणाच्या नावावर विकत घेतल्या, डेअरीचं खातं कोणाचं, ते पाहून तिसरं नाव. अमेरिकेतल्या क्लास अॅक्शनमध्ये एकजण सगळ्यांसाठी लढतो आणि पैशाच्या दाव्यात जो स्वतःहून बाहेर पडत नाही तो आपोआप आत धरला जातो. तसं इथे गृहीत धरू नका. यादीत नाव नाही, नावापुढे नुकसानीचा तपशील नाही, तर हाती काही येणं कठीण.

काही हाती लागतं का, याचं उत्तर एका खऱ्या गावावरून देते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘एच-आम्ल’ नावाचं रसायन बनवणारे कारखाने आले. त्यांचा गाळ आणि सांडपाणी जमिनीत मुरलं आणि विहिरींचं पाणी काळपट झालं, माणसांच्या नाही, जनावरांच्या नाही, पिकांच्याही कामाचं राहिलं नाही. एका संस्थेने १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल लागला. धोकादायक उद्योग करणाऱ्याने नुकसान केलं तर त्याची चूक सिद्ध करत बसायची गरज नाही, भरपाई त्यानेच करायची. हे तत्त्व न्यायालयाने दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ मध्ये मांडलं होतं, तेच इथे लावलं. माती आणि पाणी पूर्ववत करण्यासाठी पुढे ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांचा आकडा ठरला. कंपनीने तो भरला नाही, अर्जावर अर्ज करत राहिली. शेवटी जुलै २०११ मध्ये न्यायालयाने १२ टक्के चक्रवाढ व्याजासह पैसे भरा आणि वर १० लाख रुपये खर्च द्या, असा आदेश दिला. याचिकेपासून बावीस वर्षं झाली होती.

आता यातला खरा धडा बघा. ते ३७ कोटी गावकऱ्यांच्या खिशात जाण्यासाठी नव्हतेच, ते जमीन आणि पाणी साफ करण्यासाठी होते. गावकऱ्यांच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल १९९६ च्या निकालात एवढंच होतं की त्यांनी किंवा त्यांच्या वतीने एखाद्या संस्थेने दिवाणी न्यायालयात दावे लावावेत, आणि गरिबीमुळे कोर्ट फी माफ करून मागितली तर राज्य सरकारने आडवं येऊ नये. म्हणजे गाव जिंकलं आणि माणसांचा हिशेब पुन्हा पहिल्या पायरीवर. आजही तसंच होऊ शकतं. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम २४ आहे. पर्यावरणाच्या हानीपोटी जी रक्कम भरायला सांगितली जाते ती पर्यावरण मदत निधीत जमा होते. “कंपनीला अमुक कोटींचा दणका” ही पेपरातली बातमी वाचून गावात पेढे वाटले जातात, आणि सहा महिन्यांनी लोक विचारत हिंडतात की आमचे पैसे कुठे अडले. ते पैसे त्यांचे कधी नव्हतेच. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहून घ्या: विहिरी आणि ओढा साफ करा ही एक, आणि पुढे जोडलेल्या तक्त्याप्रमाणे प्रत्येकाची भरपाई द्या ही दुसरी. तक्ता जोडला नसेल तर दुसरी मागणी हवेत राहते.

तक्ता बनतो पुराव्यातून, आणि तुमच्याकडे तो तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा जास्त आहे. सामाईक पुराव्यापासून सुरुवात करा. गावच्या गटांचा नकाशा घ्या, त्यावर ओढा आखा, कारखाना दाखवा आणि प्रत्येक विहिरीवर खूण करून तिच्याशेजारी लिहा की वास पहिल्यांदा कोणत्या महिन्यात आला. कारखान्याच्या वरच्या अंगाला ज्या विहिरी अजून चांगल्या आहेत त्यांच्यावरही खूण करा. लोकांना ते फुकटचं काम वाटतं, पण न बिघडलेली विहीर ही तुमची सगळ्यांत मोलाची साक्षीदार आहे. एकट्या घराने दावा केला की कंपनी म्हणते, तुमच्याच खताचं पाणी विहिरीत झिरपलं असेल. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानेही तेच खत टाकलंय आणि त्याचं पाणी स्वच्छ आहे, हे नकाशावर दिसलं की तो बचाव लंगडा पडतो. एकत्र येण्याचा सगळ्यांत मोठा फायदा मला इथे दिसतो, घोषणांत नाही.

मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं काम आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं काय, तर त्या कारखान्याचं संमतीपत्र, गेल्या पाच वर्षांतले पाहणी अहवाल, सांडपाण्याच्या नमुन्यांचे अहवाल आणि दिलेल्या नोटिसा. संमतीपत्रात कारखान्याने किती सांडपाणी सोडायचं आणि त्यात पीएच (आम्लपणाचं माप), सीओडी आणि बीओडी (पाण्यातल्या घाणीची मापं), क्षार, क्लोराइड किती चालतील हे लिहिलेलं असतं. त्यावरून विहिरीच्या पाण्यात काय शोधायचं ते कळतं. नुसतं “पाणी तपासून द्या” म्हटलं तर प्रयोगशाळा पिण्याच्या पाण्याच्या ठरावीक चाचण्या करून मोकळी होते आणि नेमकं त्या कारखान्यातलं रसायन त्यात तपासलंच जात नाही.

पाण्याचा नमुना शक्यतो मंडळाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसालाच घ्यायला लावा. आपण बाटली भरून नेली की त्या बाटलीवरच पहिलं बोट ठेवलं जातं. पण रात्री दोनला ओढा फेसाळला आणि सकाळपर्यंत वाहून गेला, तर कोणाची वाट बघणार? तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यात ओढ्यावरचा पूल किंवा शाळा अशी ओळखू येणारी खूण दिसू द्या, बाटली भरून तिच्यावर गट नंबर, तारीख, वेळ आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांची पट्टी चिकटवा, आणि सकाळी मंडळाच्या कार्यालयात ईमेलने तक्रार टाका. ती बाटली पुरावा म्हणून तितकी भक्कम ठरणार नाही, पण ईमेलवर तारीख-वेळ राहते आणि मंडळाला मग कोणीतरी पाठवावं लागतं.

आता तुमच्या घरची वही. म्हशींचं शवविच्छेदन झालं नसणार असं धरून चालते. झालं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्या अहवालाची प्रत आधी मिळवा. नसेल तर डेअरीचं दूधखातं काढा. रोज सकाळ-संध्याकाळ किती लिटर, किती फॅट, याची नोंद तिथे आहे. दूध कोणत्या आठवड्यापासून कमी होत गेलं आणि कोणत्या तारखेला बंद झालं हे त्या खात्यावरून कोणालाही दिसेल, आणि ही नोंद तुम्ही केलेली नाही, त्यामुळे तिच्यावर शंका घेणंही अवघड. बागेसाठी आडत्याच्या जुन्या पट्ट्या शोधा, आधीच्या वर्षांत किती माल गेला आणि काय भाव मिळाला ते त्यावर असतं. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आणि ई-पीक पाहणीचे फोटो काढून ठेवा. जुनी मृदा आरोग्य पत्रिका कुठे ट्रंकेत पडली असेल तर ती सोन्यासारखी जपा. जमीन आधी कशी होती याचा सरकारी कागद क्वचित कोणाकडे असतो. आज नव्याने माती परीक्षण करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. पोरांना सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केस पेपरवर “विहिरीच्या पाण्याने अंघोळ केल्यावर खाज वाढते” हे डॉक्टरांना लिहायला सांगा. मेडिकलमधून नुसतं मलम आणलं तर तो खर्च कागदावर कुठेच येत नाही.

वकिलांकडे वळू. भरपाईतला वाटा ठरवून घेणं भारतात वकिलाला चालत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. जो वकील पहिल्याच बैठकीत स्वतःच्या धंद्याचा नियम मोडायला तयार आहे आणि वर कोरे स्टॅम्पपेपर मागतोय, त्याच्या हाती साठ घरं द्यावीत असं मला वाटत नाही. तो हुशार असेलही. पण कोरा स्टॅम्पपेपर कशाला लागतो, याचं एकही सरळ उत्तर मला सुचत नाही. वकीलपत्र लागतंच, ते भरलेलं असावं: कोणत्या न्यायाधिकरणात, कोणाविरुद्ध, कशासाठी. फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या.

इतर देशांत दावेदारांना बाहेरून पैसा पुरवणारे फंड असतात. तिथेही वाटणीच्या अटी आधी वाचाव्या लागतात. ब्रिटनमध्ये ५५५ उप-पोस्टमास्तरांनी पोस्ट ऑफिसविरुद्ध मिळून दावा केला होता. सदोष संगणकप्रणालीमुळे हिशेबात तूट दिसली आणि त्यांच्यावर चोरीचे आळ आले, हे त्यांचं गाऱ्हाणं. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. त्यातला बहुतेक पैसा वकिलांचा खर्च आणि फंडाचा परतावा यांत गेला आणि ५५५ जणांत वाटायला जेमतेम १ कोटी २० लाख पौंडांच्या आसपास उरले. पुढे सरकारला त्यांच्यासाठी वेगळी योजना आणावी लागली. त्यांनी तो करार केला नसता तर दावाच उभा राहिला नसता, हेही खरं. पण सही करताना शेवटची ओळ काय होणार हे कळायला हवं.

न्यायाधिकरणाचं शुल्क हा आणखी एक खर्च, जो बैठकीत कोणी सांगत नाही. भरपाई मागितली की मागितलेल्या रकमेच्या १ टक्का शुल्क भरावं लागतं. साठ घरांनी सरासरी पाच लाख मागितले तर एकूण तीन कोटी आणि शुल्क तीन लाख, म्हणजे घरटी पाच हजार. हिरिरीने प्रत्येकी पन्नास लाख लिहिले तर घरटी पन्नास हजार, आणि पुराव्याशिवाय तो आकडा टिकणारही नाही.

कंपनीच्या माणसाबद्दल. तो तुमच्याच घरी का आला असेल? दीर कंपनीत आहेत, कर्ता पुरुष बाहेरगावी आहे, आणि जमिनीच्या मालकीणबाई वयस्कर आहेत. अशी दहा-बारा घरं फोडली की बाकीच्यांचा दावा आपोआप हलका होतो. कंपनीची माणसं तीच घरं शोधत असतात. दोन लाख घेऊन “काही तक्रार नाही” लिहून दिलं तर पुढे बाग पुरती जळाली, पोराचा आजार वाढला, तरी तो कागद तुमच्यापुढे नाचवला जाईल. शिवाय न्यायाधिकरणात अर्ज करताना दुसरीकडून मिळालेल्या भरपाईची माहिती द्यावीच लागते, लपवता येत नाही. पैशाची फारच नड असेल तर मार्ग आहे. अमुक हंगामाच्या पिकाच्या नुकसानीपोटी, पुढचे सगळे हक्क राखून, बँक खात्यात रक्कम मिळाली, असा करार वकिलाकडून तपासून घ्यायचा. कंपनी त्याला तयार होते का बघा. बहुधा होणार नाही, आणि मग ती दोन लाख कशाचे देत होती ते दीरांनाही कळेल. ज्या घरांनी आधीच पैसे घेतलेत त्यांना मात्र गावाने गद्दार ठरवू नये. लेकीचं लग्न तोंडावर असलेल्या माणसाला तत्त्व शिकवणं सोपं असतं.

तडजोडीचा प्रस्ताव कधीतरी सगळ्या गावासाठीही येईल, आणि तेव्हा “हो” कोणी म्हणायचं हे आज ठरवा. भोपाळचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवा. १९८५ मध्ये कायदा करून केंद्र सरकारने सगळ्या वायुपीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना त्याआधी विचारलं गेलं नाही. कोण किती बाधित याची मोजदाद पुढे वर्षानुवर्षं चालली, पण पातेल्यातली आमटी आधीच मापून झाली होती, ताटं किती ते नंतर मोजली गेली. रक्कम वाढवून मिळावी ही सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. तुमच्या समितीला पुरावे गोळा करण्याचा, खर्चाचा हिशेब ठेवण्याचा, वकिलांशी बोलण्याचा अधिकार द्या. तडजोडीला संमती मात्र प्रत्येक घराची, स्वतःच्या रकमेपुरती, लेखी. हे ठरावात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. समितीत दोन तरी बायका आणि एक मजूर असू द्या. सरपंच नकोत असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या घरचं कोणाचं कारखान्यात कंत्राट असेल तर ते समितीत नकोत.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट उकरून काढावी लागेल. काहींना कारखाना बंद झालेला हवा असेल, काहींना पैसे हवेत, आणि ज्यांची पोरं तिथे कामाला आहेत त्यांना पाणी स्वच्छ हवं पण कारखाना चालू हवा. हे मतभेद झाकून दावा लावला तर ते पहिल्या तारखेला नाही, तिसऱ्या वर्षी फुटतात, आणि तेव्हा कंपनीला फार कष्ट पडत नाहीत. माझं मत विचाराल तर “बंद करा” ही पहिली मागणी ठेवू नका. सांडपाणी सोडणं थांबवा, तोवर पाणी पुरवा, विहिरी साफ करा आणि भरपाई द्या, एवढ्यावर साठ घरं आणि कामगारांची घरंही एका बाजूला येऊ शकतात.

दीरांना मध्यस्थही करू नका आणि साक्षीदारही करू नका. कंपनीतून कागद आणून द्या असं तर चुकूनही सांगू नका. माहिती अधिकारात मिळतं त्यासाठी त्यांची नोकरी पणाला लावायची गरज नाही. त्यांना एक गोष्ट मात्र शांतपणे सांगा. जमीन आज सासूबाईंची आहे, पुढे त्यात दोन्ही भावांचा वाटा आहे. ती विहीर नासली ती त्यांचीही नासली, आणि “काही तक्रार नाही” हे त्यांच्या वाट्याबद्दलही लिहून दिल्यासारखं होईल.

मुदतीचं विसरू नका. भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे, आणि ती दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजली जाते. सबळ कारण दाखवलं तर वर फक्त ६० दिवस. तुमचा फेस तीन वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन वर्षं आहेत असं वाटतं. पण “पहिल्यांदा” म्हणजे नेमकं कधी यावर कंपनी भांडेल, आणि गावात कोणीतरी म्हणणारच की आमच्याकडे त्याच्या आदल्या वर्षीच वास आला होता. तेव्हा नकाशा आणि वह्या या हंगामातच पूर्ण करून अर्ज दाखल करा. सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, तरी मनाची तयारी काही वर्षांची ठेवा. शिवाय वर सर्वोच्च न्यायालयात अपील असतं.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बहुधा कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्री म्हणून तुम्हाला किंवा सासूबाईंना उत्पन्नाचा दाखला मागितला जाऊ नये. शुल्काचा खर्च त्यातून होतो का, हेही तिथेच विचारा. जाताना सातबारा, आधार, दूधखात्याची प्रत, दवाखान्याचे कागद आणि तहसीलदारांकडच्या अर्जाची पोच बरोबर असू द्या, आणि सासूबाईंना घेऊन जा, कारण जमिनीसाठीच्या अर्जावर सही त्यांची लागणार आहे.